बंदरातला गाळ काढायला नेमका कोणता ड्रेजर हवा?

खाडीकाठ

कोकणातल्या मच्छीमार बंदरात गाळ साचला की सगळीकडून एकच मागणी येते, 'ड्रेजर पाठवा'. कोणता ड्रेजर, हे सभेत कुणी विचारत नाही. निविदा निघते तोपर्यंत तो प्रश्न विचारायची वेळ टळून गेलेली असते. माझी सगळी नोकरी ड्रेजरवर झाली. आधी डेकवर होतो, नंतर कटरच्या केबिनमध्ये लिव्हरमॅन, म्हणजे यंत्र चालवणारा. आता गावी असतो. मच्छीमार सोसायटीची मंडळी विचारायला येतात, त्यांना जे तोंडी सांगतो ते इथे एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी तीन गोष्टी बघायच्या. तळाशी काय आहे (मऊ चिखल, रेती, घट्ट माती की कातळ), त्या जागी लाटा किती येतात, आणि काढलेला माल टाकणार कुठे. यंत्र यावरूनच ठरतं.

मोठ्या बंदरांच्या चॅनलमध्ये दिसतो तो हॉपर, म्हणजे ट्रेलिंग सक्शन हॉपर ड्रेजर. हे स्वतःच्या इंजिनावर चालणारं पूर्ण जहाज असतं. बाजूला लांब सक्शन पाइप आणि त्याच्या टोकाला ड्रॅगहेड, म्हणजे गाळ ओढणारं तोंड. जहाज दोन-तीन नॉटने पुढे सरकतं, ड्रॅगहेड तळावरून घासत जातो आणि पंप गाळपाणी ओढून पोटातल्या हॉपरमध्ये, म्हणजे टाकीत, सोडतो. जहाज लाटेवर वरखाली झालं तरी ड्रॅगहेड तळाला टेकलेला राहावा म्हणून पाइपच्या वायरला स्वेल कॉम्पेन्सेटर लावलेला असतो. हॉपर भरला की समुद्रात ठरवून दिलेल्या जागी जायचं आणि तळाचे दरवाजे उघडायचे, पाव तासात जहाज रिकामं. मुंबई बंदर आणि जेएनपीए (न्हावा-शेवा बंदर) यांच्या सामायिक चॅनलमध्ये याच जातीचं जहाज लागतं, कारण ते नांगर टाकून वाट अडवत नाही. ते काम करत असताना कंटेनरची जहाजं बाजूने जात राहतात.

हॉपर भरला म्हणजे माल भरला, असं मात्र समजू नका. रेती असेल तर ती खाली बसते आणि वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून बाहेर जातं, त्यामुळे ओव्हरफ्लो चालू ठेवून आणखी रेती घेता येते. मऊ चिखल इतक्या लवकर बसत नाही. तिथे ओव्हरफ्लो चालू ठेवला तर काढलेला चिखलच परत पाण्यात जातो. चांगला ड्रेज मास्टर चिखलात ओव्हरफ्लो लवकर बंद करतो आणि अर्धं पाणी असलेला हॉपर घेऊन निघतो.

हा हॉपर आपल्या छोट्या बंदरात का येत नाही? पाच-साडेपाच हजार घनमीटरचा हॉपर भरल्यावर सहा मीटरच्या वर पाणी मागतो. आपल्या ट्रॉलरला अडीच मीटर मिळालं तरी पुरे. ज्या बंदरात ट्रॉलरच टेकतो तिथे हॉपर शिरणार कसा आणि वळणार कुठे?

मग राहतो कटर, कटर सक्शन ड्रेजर. माझं सगळं आयुष्य याच्यावर गेलं, त्यामुळे याच्यावर जरा जास्त लिहितो. सपाट पाँटून, म्हणजे मोठा तरंगता तराफा असतो. पुढे खाली सोडता येणारी शिडी, म्हणजे लॅडर, आणि तिच्या टोकाला दातांचा फिरता कटर. मागे दोन स्पड, म्हणजे तळात रोवायचे लोखंडी खांब. एक स्पड रोवलेला, पुढे दोन्ही बाजूंना नांगर, आणि त्या नांगरांच्या वायरी विंचवर आळीपाळीने ओढून सगळा पाँटून डावीकडून उजवीकडे झुलवायचा. कंपासपेटीतल्या कंपासाचं टोक म्हणजे स्पड आणि पेन्सिल म्हणजे कटर, असं डोळ्यांसमोर आणा. एक कमान कापून झाली की पुढे सरकायचं आणि पुढची कमान घ्यायची. कटर माती सुटी करतो, त्याच्या मागचं सक्शनचं तोंड ती ओढतं आणि तरंगत्या पाइपलाइनमधून माल किनाऱ्यावर जातो. अंतर जास्त असेल तर मध्ये बूस्टर पंप लावावा लागतो.

केबिनमध्ये लिव्हरमॅनची नजर दोन काट्यांवर असते, व्हॅक्युम आणि डिस्चार्ज प्रेशर. व्हॅक्युम चढायला लागला की समजायचं, तोंडाशी माल जास्त येतोय किंवा काहीतरी अडकलंय. लगेच झुलण्याचा वेग कमी करायचा. कटरचं तोंड चोंदलं तर पंपाला माल मिळत नाही आणि पंप खडखडायला लागतो. मोठ्या कटरवर एक पंप लॅडरवरच पाण्याखाली बसवलेला असतो. वातावरणाचा दाब पाण्याला जेमतेम दहा मीटर चढवतो आणि गाळाचं मिश्रण त्याहून जड, म्हणून पंप जितका खाली तितका घट्ट माल ओढता येतो.

मच्छीमार बंदरात कटरचा मोठा शत्रू म्हणजे जुनी जाळी. एका बंदरात (ठेकेदाराचं नाव लिहीत नाही) काम सुरू होताच कटरला नायलॉनची जाळी आणि दोर गुंडाळायला लागले. दर थोड्या वेळाने लॅडर वर घ्यायची, पिन लावून अडकवायची, कटरची वीज तोडून कुलूप घालायचं आणि मग दोघा खलाशांनी फळीवर उभं राहून सुरीने ती जाळी कापायची. चिखलात भिजलेला नायलॉन दातांत असा बसतो की सुरी घसरते. पाण्यात मोटर चालल्याचे तास थोडे आणि लॅडर वर असल्याचे तासच जास्त. आधी बंदराचा तळ गळ टाकून साफ करून घ्या असं आम्ही सांगत होतो, पण तो खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता.

बाकीचे थोडक्यात. ग्रॅब ड्रेजर म्हणजे क्रेनला जबडा: धक्क्याच्या कडेला आणि गोदीच्या कोपऱ्यात, जिथे बाकी कुणी पोचत नाही, तिथे कामाचा. बॅकहो ड्रेजर म्हणजे पाँटूनवर बसवलेला पोकलेन. तीन स्पडवर तो पाँटून थोडा पाण्यातून वर उचलून धरतात, म्हणजे बकेट ओढताना तो हलत नाही. फुटका कातळ, दगडगोटे आणि घट्ट माती याने छान निघते. या दोघांना माल न्यायला स्प्लिट बार्ज लागते. ती मधोमध लांबीत दुभंगते आणि माल खाली पडतो. बकेट लॅडर ड्रेजर, म्हणजे बादल्यांची साखळी, आता आपल्याकडे क्वचितच दिसतो.

शंका असतील त्या विचारा.

---

नाखवा_दापोली

काका, फार चांगलं केलंत लिहिलंत. आमच्याकडे बंदराच्या तोंडावर रेतीचा दांडा वाढलाय. उधाणाच्या भरतीला बोटी सुटतात, पण भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांत ओहोटी लागली की बाहेरच थांबायचं. मासळी बोटीत, बर्फ वितळतोय आणि समोर दिसणारा धक्का गाठता येत नाही. मागे एक कटर आणला होता, तो तोंडावर न जाता आत जेटीपाशीच काम करत बसला. असं का झालं असेल?

---

खाडीकाठ

@नाखवा, तोंडावर लाट असते. कटर स्पडवर उभा असतो, लाट आली की पाँटून उचलला जातो आणि सगळा झटका त्या खांबावर येतो. साधा कटर एक-दीड मीटरच्या लाटेला काम थांबवतो, नाहीतर स्पड वाकतो किंवा तरंगती पाइपलाइन जोडावरून सुटते. आतलं काम त्याच्यासाठी सोपं, म्हणून तो आत बसला. तुमच्या दांड्याला कमी पाण्यात चालणारा छोटा हॉपर हवा, किंवा शांत समुद्राचे महिने धरून कटर. त्यातही अडचण आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर कटर चालवणं शक्य नाही, आणि ऑक्टोबर ते मे हाच तुमचा मासेमारीचा हंगाम. तरंगती पाइपलाइन बंदराच्या तोंडात आडवी पडली की बोटींची वाट अडते. रोज ठरलेल्या वेळेला पाइप सोडवून वाट मोकळी करून द्यायची, हे करारात लिहून घ्या. तोंडी वचनावर राहू नका.

---

चाकरमानी_ठाणे

सुएझमध्ये 'एव्हर गिव्हन' अडकलं तेव्हा त्या प्रचंड जहाजासमोर एका छोट्या पोकलेनचा फोटो जगभर फिरला होता. ते जहाज खरं कशाने सुटलं?

---

खाडीकाठ

तो पोकलेन काठावरची माती आणि दगड काढत होता, तेही गरजेचंच होतं. खाली पाण्यात खरं खोदकाम केलं ते सुएझ कालव्याच्या प्राधिकरणाच्या 'मशहूर' नावाच्या कटरने. जहाज २३ मार्च २०२१ ला रुतलं आणि २९ मार्चला सुटलं. तेवढ्यात नाळेभोवतालची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाभोवतालची, सुमारे ३०,००० घनमीटर रेती निघाली, १८ मीटर खोलीपर्यंत. मग टग आणि पौर्णिमेची मोठी भरती यांनी उरलेलं काम केलं. रुतलेल्या जहाजाच्या इतक्या जवळ कटर झुलवणं म्हणजे काय, हे केबिनमध्ये बसलेल्यालाच कळेल. खालची रेती एकदम ढासळली तर जहाज कुठल्या बाजूला कलेल याचा नेम नाही. त्या लिव्हरमॅनबद्दल मला फार आदर आहे.

---

पालघरची_लेक

आमच्या भागात वाढवण बंदराची चर्चा आहे म्हणून विचारते. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार आणि त्यासाठी रेती दमणच्या समोर खोल समुद्रातून आणणार, असं कागदपत्रांत आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरीही दिली. हे काम कोणत्या ड्रेजरचं? आणि मासेमारीवर त्याचा काय परिणाम होतो, हे या क्षेत्रातल्या माणसाकडून ऐकायचंय. आमच्या घरी डोल जाळ्यांचा धंदा आहे.

---

खाडीकाठ

@पालघरची_लेक, इतक्या लांबून रेती आणायची म्हणजे मोठे हॉपरच. जगातले सर्वांत मोठे हॉपर ४६,००० घनमीटरचे आहेत, बेल्जियमच्या कंपनीचे 'क्रिस्तोबाल कोलोन' आणि 'लेव्ह एरिक्सन'. तुलनेसाठी सांगतो, आपल्या ड्रेजिंग कॉर्पोरेशनने (१९७६ ची स्थापना, कारभार विशाखापट्टणमहून) कोचीन शिपयार्डला बांधायला दिलेला हॉपर १२,००० घनमीटरचा, आणि तोही त्यांच्या ताफ्यात सर्वांत मोठा. भराव घालताना हॉपर दोन तऱ्हेने माल देतो. एक तर पुढच्या नाळेला पाइप जोडून पंपाने किनाऱ्यावर, नाहीतर नोझलमधून हवेत मोठी कमान करून, ज्याला रेनबोइंग म्हणतात. दुबईचा पाम जुमेरा असाच बांधला. वाळवंटातली वाळू गोल आणि बारीक असते, भरावात ती नीट बसत नाही, म्हणून तिथेसुद्धा रेती समुद्रातूनच काढावी लागली.

मासेमारीबद्दल जे पाहिलं ते सांगतो. ओव्हरफ्लोतून निघालेला गढूळ पट्टा भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर लांब जातो. डोल ही खुंटाला बांधून प्रवाहात उभी असते, ट्रॉलरसारखी जागा बदलू शकत नाही, म्हणून तिला झळ आधी लागते. शिवाय रेती उपसलेल्या जागी तळावरचे जीव जातात, ते परत यायला वेळ लागतो. यावर उपाय आहेत: ओव्हरफ्लोला ग्रीन व्हॉल्व्ह, म्हणजे हवा कमी मिसळून पाणी खालीच सोडायची झडप, गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं, आणि ओढीची दिशा बघून कामाची वेळ. पण हे सगळं तपासायला मच्छीमारांचा माणूस जहाजावर हवा. ही मागणी रास्त आहे आणि ती लावून धरा.

---

रेतीबंदर

मी खाडीतल्या रेतीच्या धंद्यातला. लोक सक्शन पंप आणि ड्रेजर एकच समजतात, म्हणून लिहितो. होडीवर डिझेल इंजिन, पंप आणि एक नळी टाकून रात्री रेती ओढतात त्याला ड्रेजिंग म्हणू नका. त्याला ना नकाशा, ना खोलीची मर्यादा. एकाच जागी नळी धरून ठेवतात, खड्डा पडतो, मग काठ ढासळतो आणि शेताचे बांध पाण्यात जातात. आमच्यात जुनी रीत हातपाटीची, डुबी मारून. माणूस बांबू धरून तळाला जातो, बादली भरतो, वरचा ओढून घेतो. कष्टाचं काम आहे आणि कान जातात, पण खाडीचं नुकसान त्या मानाने कमी.

माझा प्रश्न असा की बंदराच्या तोंडावरची रेती आम्हालाच का देत नाही? सरकारला रॉयल्टी मिळेल, गाळ फुकटात निघेल.

---

खाडीकाठ

@रेतीबंदर, दांड्यावर निव्वळ रेती असेल तर विचार करण्यासारखं आहे. पण दोन अडचणी आहेत. बंदराच्या आत निघतो तो काळा चिखल, त्याला गिऱ्हाईक नाही. रेतीवाला रेती उचलणार आणि चिखल तिथेच राहणार. दुसरं, तुम्हाला चांगली रेती जिथे सापडेल तिथे तुम्ही खोदाल, आणि बंदराला पाणी हवंय ते आखलेल्या पट्ट्यात सारख्या खोलीचं. तो पट्टा सोडून बाहेर खोल खड्डा झाला तर पुढच्या पावसाळ्यात दांडा दुसऱ्या जागी उभा राहतो. पट्टा आखून, मोजणी करून रेती देणार असाल तर माझा विरोध नाही.

---

रॉटरडॅमवासी

नेदरलँड्समध्ये राहतो, बंदराशी संबंधित काम आहे. खाडीकाठ काकांनी एक यंत्र सोडलं, ते सांगतो. वॉटर इंजेक्शन ड्रेजर. हा गाळ उचलतच नाही. एका आडव्या पाइपमधल्या ओळीने लावलेल्या नोझलमधून कमी दाबाचं पण भरपूर पाणी तळाच्या चिखलात सोडतो. चिखल पातळ होतो, तळालगत जड थर तयार होतो आणि उताराच्या दिशेने आपोआप खोल पाण्याकडे वाहत जातो. ना बार्ज, ना पाइपलाइन. मऊ चिखलाला उत्तम, जाड रेतीला निरुपयोगी.

दुसरी गोष्ट. इथे चिखलाचा वरचा पातळ थर 'तळ' धरतच नाहीत. घनता १.२ टन प्रति घनमीटर होईपर्यंत जहाज त्यातून जाऊ शकतं, म्हणून ती पातळी म्हणजे तळ. त्यामुळे पुष्कळ अनावश्यक उपसा वाचतो.

---

नकाशेवाली

@रॉटरडॅमवासी, याच मुद्द्यावर आपल्याकडे मोठे वाद होतात. मी हायड्रोग्राफिक सर्व्हे, म्हणजे पाण्याखालच्या तळाची मोजणी करते. एको साउंडरची (आवाजाच्या लहरीने खोली मोजणारं यंत्र) २०० किलोहर्ट्झची लहर मऊ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परत येते, ३३ ची लहर आत घुसून घट्ट थरावरून येते. एकाच जागी, एकाच वेळी दोन वेगळ्या खोल्या. ठेकेदार म्हणतो खोली मिळाली, बंदर म्हणतं नाही मिळाली, आणि दोघांच्या हातात खरीखुरी मोजणी. म्हणून कोणत्या लहरीची खोली धरायची हे काम सुरू होण्याआधी लिहिलेलं असायला हवं.

पैसेसुद्धा हॉपरच्या किंवा बार्जच्या खेपा मोजून देऊ नयेत. तळातली माती सुटी झाली की फुगते, शिवाय बार्जमध्ये पाणी किती आणि माल किती हे वरून दिसत नाही. कामाआधीचा आणि कामानंतरचा सर्व्हे, त्यातला फरक, तेवढे घनमीटर. मल्टिबीम, म्हणजे एका वेळी रुंद पट्टा मोजणारा साउंडर वापरला तर सगळा तळ मोजला जातो, सिंगल बीममध्ये दोन रेषांच्या मधला उंचवटा सुटू शकतो.

---

प्राजक्त_गिरगाव

तळात काय आहे हे न बघता यंत्र आणल्याचं जुनं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे, बॅकबे रेक्लमेशन. १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांच्या काळात १,१४५ एकरांची योजना होती. 'सर जॉर्ज लॉइड' याच नावाचा मोठा कटर ड्रेजर स्कॉटलंडमधून बांधून आणला. पण उपसा अंदाजाच्या फार मागे राहिला, खर्च वाढत गेला. वीर नरिमन यांनी हे प्रकरण उघड्यावर आणलं, १९२६ मध्ये चौकशी समिती बसली, बदनामीचा खटलाही त्यांच्यावर झाला आणि तो ते जिंकले. शेवटी योजनेच्या निम्म्याहून कमी जमीन हाती आली. मरीन ड्राइव्ह त्याच कामातून उभा राहिला.

दुसरीकडे त्याच दशकात कोचीनला रॉबर्ट ब्रिस्टो यांनी 'लॉर्ड विलिंग्डन' ड्रेजर वापरून बंदराचं तोंड खोल केलं आणि निघालेल्या मालातून अख्खं विलिंग्डन बेट उभं केलं. आधी काही वर्षं त्यांनी तिथल्या किनाऱ्याचा आणि रेतीच्या हालचालीचा अभ्यास केला होता.

---

नाखवा_दापोली

सगळ्यांचे आभार. सोसायटीच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. म्हातारी मंडळीसुद्धा शेवटपर्यंत बसून होती. बंदराच्या सर्व्हेचा नकाशा मागायचं ठरलंय. नकाशेवाली ताई, तो हातात आल्यावर वाचायचा कसा? आणि कटर परत आला तर चिखल टाकायला जागा कुठली दाखवायची? खाडीकाठाला सगळं कांदळवन आहे.

---

नकाशेवाली

@नाखवा दादा, नकाशावरचे आकडे चार्ट डेटमपासूनचे असतात, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीची पातळी. आकडा १.० असेल आणि त्या वेळी भरती २.५ मीटर असेल तर त्या जागी एकूण ३.५ मीटर पाणी. ज्या आकड्याखाली रेघ असते तो भाग ओहोटीला उघडा पडतो. काही कागदांवर रेघेऐवजी उणे चिन्ह असतं, कोपऱ्यातली टीप वाचा. सर्वांत आधी तारीख बघा. सर्व्हे पावसाळ्याच्या आधीचा असेल तर तोंडावरचा दांडा तिथे राहिलेला नसेल, नवा मागा.

---

खाडीकाठ

कांदळवनात माल टाकता येणार नाही, कायद्यानेही नाही आणि टाकूही नये, तुमची कोळंबी आणि चिंबोरी तिथेच वाढते. पाइपलाइन पोचेल एवढ्या अंतरावर बांध घालून, पाणी निथळायला सांडवा ठेवून जागा करता येत असेल तरच कटर. अशी जागा नसेल तर आतल्या भागाला बॅकहो आणि कमी पाण्यात चालणारी स्प्लिट बार्ज, म्हणजे माल समुद्रातल्या ठरलेल्या जागी जाईल. वेळ जास्त लागेल, पण जुनी जाळी बकेटमध्ये सरळ वर येतात आणि काम अडत नाही.

नकाशाबरोबर बोअरलॉगही मागा, तळाला भोकं पाडून काढलेल्या मातीची नोंद. दांडा पुन्हापुन्हा त्याच जागी का बसतो याचा अभ्यास खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेकडून झालाय का, हेही पत्रात विचारा. बंदरांची मॉडेलं करून बघणं हे त्यांचं कामच आहे. पत्राचा मसुदा इथे टाका, मी आणि नकाशेवाली वाचून देतो.